मालक एकच, किंमत मात्र परक्याची

नायगाव पूर्वेहून जूचंद्र, बापाणेमार्गे निघाले की थोड्याच वेळात मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो. हाच महामार्ग उत्तरेकडे वापीपर्यंत जातो आणि तेथून दमण व सिल्वासा जवळ आहेत. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०-आयबीनुसार औद्योगिकदृष्ट्या मागास राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत ३१ मार्च २००४ पर्यंत सुरू झालेल्या कारखान्यांना पहिली पाच वर्षे नफ्यावर शंभर टक्के वजावट मिळत असे. दमण आणि दादरा-नगर हवेली या यादीत होते. वसई तालुका नव्हता. नायगावच्या गाळ्यात पूर्ण कर आणि ट्रक काही तासांत पोहोचेल अशा ठिकाणी शून्य कर, अशी ती स्थिती होती.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नायगावच्या गाळ्यात प्लास्टिकचा एक सुटा भाग तयार होतो. त्याचा उत्पादनखर्च ८० रुपये आहे आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला तो १०० रुपयांना विकला जातो. याच मालकाच्या धाकट्या भावाचा दमणला जुळणीचा कारखाना आहे. त्याला हा भाग ८२ रुपयांना दिला तर नायगावात नफा दोन रुपये उरतो आणि बाकीचे अठरा रुपये दमणला जाऊन करमुक्त होतात. चोरी झालेली नाही, खोटे बिल फाडलेले नाही, पैसेही बँकेतूनच गेले आहेत. केवळ बिलावरचा एक आकडा बदलला आहे. दोन परक्या व्यापाऱ्यांमध्ये हा आकडा घासाघीस होऊन ठरला असता. येथे तो जेवणाच्या टेबलावर ठरला.

एका मालकीच्या किंवा एका नियंत्रणाखालील दोन संस्था आपापसात जी किंमत लावतात तिला ट्रान्सफर प्रायसिंग किंवा हस्तांतरण मूल्य म्हणतात. दमणच्या जागी मॉरिशस किंवा नेदरलँड्स आणि सुट्या भागाच्या जागी औषधाची पेटंट, सॉफ्टवेअर, बोधचिन्ह, कर्ज किंवा कंपनीचे समभाग ठेवले की हाच विषय हजारो कोटींचा होतो. प्राप्तिकर खात्याचे म्हणणे साधे आहे: तुमचा मालक एकच असला तरी कर मोजताना तुम्ही एकमेकांना परके आहात असे समजून किंमत लावा. या किमतीला कायद्यात ‘आर्म्स लेंग्थ प्राइस’ म्हणतात. मराठीत तिला परक्याची किंमत म्हणता येईल. मात्र ही किंमत प्रत्यक्षात कोणी कोणाला दिलेली नसते. ती कल्पनेने उभी करावी लागते, आणि कल्पना दोन माणसांची सारखी नसते. या विषयातले बहुतेक सगळे वाद येथून सुरू होतात.

माझगावच्या गोदीतील जुने प्रकरण

हा विषय जागतिकीकरणाबरोबर आला असा समज आहे. तो खरा नाही. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यातच कलम ४२(२) होते. परदेशी व्यक्तीशी निकटचा संबंध असल्यामुळे भारतातील व्यापाऱ्याला नफा झालाच नाही किंवा नेहमीपेक्षा कमी झाला, तर वाजवी नफा झाला असे मानून कर लावण्याची मुभा त्यात होती. त्याची कसोटी लागली ती मुंबईत.

माझगाव डॉक ही आज सरकारी कंपनी आहे. १९६० मध्ये सरकारने ती ताब्यात घेण्यापूर्वी तिची मालकी पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या दोन ब्रिटिश जहाज कंपन्यांकडे होती. या मालक कंपन्यांची जहाजे दुरुस्तीसाठी माझगावला येत आणि गोदी त्यांच्याकडून फक्त खर्च घेई. नफा लावत नसे. घरच्या कामाचा नफा कसला घ्यायचा, हा त्यामागचा विचार. प्राप्तिकर खात्याने तो मान्य केला नाही. मालकांची जहाजे दुरुस्त करणे म्हणजे त्यांच्याशी ‘व्यापार करणे’ नव्हे, असा बचाव कंपनीने केला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५८ मध्ये निकाल कंपनीच्या विरुद्ध लागला. गोदीचा धंदा दुरुस्तीचा, काम दुरुस्तीचे. मग गिऱ्हाईक मालकच आहे म्हणून मजुरीवरचा नफा सोडला तर तेवढ्या नफ्यावर कर लागणारच, असा त्याचा मथितार्थ.

हाती न आलेल्या पैशावर कर देण्याची कल्पना सामान्य करदात्याला विचित्र वाटेल. पण गोदीने खरोखर काम केले होते, कामगार राबले होते, आणि दुसऱ्या कोणाचे जहाज असते तर नफा मिळाला असता. उत्पन्न होते, ते फक्त कमी दाखवले गेले होते, किंवा मुळातच घेतले गेले नव्हते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. छप्पन्न वर्षांनी मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले तेव्हा नेमका हाच धागा तुटला होता.

१९६१ च्या कायद्यात जुनी तरतूद कलम ९२ च्या रूपाने राहिली, पण चाळीस वर्षे ती फारशी वापरली गेली नाही. २००१ च्या वित्त कायद्याने तिच्या जागी ९२ ते ९२एफ अशी सविस्तर कलमे आली. किंमत ठरवण्याच्या पद्धती आल्या, कागदपत्रे ठेवण्याची सक्ती आली, सनदी लेखापालाचा ३सीईबी हा अहवाल आला, आणि पुढच्या वर्षी हे काम पाहणारे खास अधिकारीही आले. परदेशी सहयोगी कंपनीबरोबरचा व्यवहार एक रुपयाचा असला तरी अहवाल द्यावा लागे. वर्षाचे व्यवहार एक कोटीच्या वर गेले की सविस्तर कागदपत्रेही ठेवावी लागत.

तुलना कोणाशी?

परक्याची किंमत शोधण्याची सर्वांत सरळ रीत म्हणजे तोच माल परक्याला कितीला विकला ते पाहणे. नायगावच्या सुट्या भागाला ही रीत लागू पडते, कारण बाहेरचे गिऱ्हाईक आहे. पण मुंबईतील एखादे केंद्र केवळ आपल्या अमेरिकी पालक कंपनीसाठी हिशेबाचे किंवा संगणकाचे काम करत असेल तर? त्याला दुसरे गिऱ्हाईकच नाही. मग किंमत सोडून नफ्याची तुलना करतात. तशाच प्रकारचे काम करणाऱ्या स्वतंत्र कंपन्या माहितीकोशातून निवडायच्या, त्यांचा खर्चावरचा नफा काढायचा, आणि या केंद्राचा नफा त्याच्याशी ताडून पाहायचा.

समजा, केंद्राचा खर्च ५० कोटी आणि नफा १२ टक्के, म्हणजे बिल ५६ कोटींचे. अधिकारी म्हणतो की तुलनीय कंपन्यांचा सरासरी नफा २० टक्के आहे, म्हणजे बिल ६० कोटींचे हवे होते. झाले, चार कोटींची भर. हे चार कोटी कोणी दिलेले नाहीत, पण करासाठी ते उत्पन्न ठरतात. २०१७ पासून तर आणखी एक पायरी आली: अशी भर एक कोटीच्या वर गेली आणि ती कायम झाली, की ती रक्कम परदेशातून ठरलेल्या मुदतीत आणायची, न आणल्यास ते परदेशी कंपनीला दिलेले कर्ज समजून त्यावर व्याज धरायचे.

सगळी लढाई मग ‘तुलनीय’ या शब्दावर येते. कंपनीच्या यादीत तोट्यातल्या आणि जेमतेम चाललेल्या कंपन्या सापडतात. अधिकाऱ्याच्या यादीत भरघोस नफा कमावणाऱ्या. ही कंपनी स्वतःची उत्पादने विकते, ती कशी तुलनीय? त्या कंपनीत यंदा विलीनीकरण झाले, तिचा नफा नेहमीचा कसा? हिची उलाढाल शेकडो पट मोठी. चर्चगेटच्या गाडीने मरीन लाइन्सला उतरून महर्षी कर्वे रस्त्यावरील प्रतिष्ठा भवनात प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणापुढे एखादी सुनावणी ऐकावी. तासन्‌तास हाच काथ्याकूट चाललेला असतो. कायद्याचे तत्त्व त्यात थोडे आणि इतर कंपन्यांच्या वार्षिक अहवालांची चिरफाड अधिक. आधी सरासरी घेऊन पाच टक्क्यांची सूट दिली जाई. २०१४ च्या अर्थसंकल्पात सरासरीऐवजी पट्ट्याची कल्पना आली: सहा किंवा अधिक तुलनीय कंपन्या असतील तर पस्तिसाव्या ते पासष्टाव्या शततमकाच्या दरम्यानचा नफा मान्य. वाद थोडे कमी झाले असतील, पण यादीत कोण बसवायचे हा प्रश्न तेथेच राहिला.

समभागाची किंमत आणि उत्पन्न नसलेला कर

आता ते दुसरे प्रकरण. व्होडाफोन म्हटले की हचिसनच्या खरेदीवरील कराचा, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेला खटला आठवतो. हे प्रकरण त्याहून वेगळे आहे आणि या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

ऑगस्ट २००८ मध्ये व्होडाफोन इंडिया सर्व्हिसेस या भारतीय कंपनीने मॉरिशसमधील आपल्या पालक कंपनीला २,८९,२२४ समभाग दिले. दर्शनी किंमत १० रुपये आणि त्यावर ८,५०९ रुपये अधिमूल्य, म्हणजे प्रत्येकी ८,५१९ रुपये. कंपनीला सुमारे २४६ कोटी रुपये मिळाले. प्राप्तिकर खात्याच्या अधिकाऱ्याने कंपनीच्या मालमत्तेवरून हिशेब मांडून समभागाची खरी किंमत ५३,७७५ रुपये ठरवली. फरक प्रत्येकी ४५,२५६ रुपयांचा, एकूण १,३०८ कोटी ९१ लाखांचा. अधिकाऱ्याने एवढी रक्कम उत्पन्नात धरली. शिवाय पालक कंपनीने ती दिली नाही, म्हणजे ती तिला कर्जाऊ दिल्यासारखीच, असे म्हणून साडेतेरा टक्क्यांनी ८८ कोटी ३५ लाखांचे व्याजही धरले.

वरवर पाहता तर्क माझगावसारखाच दिसतो. परक्याला विकले असते तर जास्त मिळाले असते. घरच्याला स्वस्तात दिले. फरकावर कर द्या. मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑक्टोबर २०१४ रोजी तो नाकारला. कारण समजायला कठीण नाही. समभाग देऊन मिळालेले पैसे हे भांडवल असते, उत्पन्न नव्हे. व्होडाफोनने ५३,७७५ रुपये घेतले असते तरी ती पूर्ण रक्कम भांडवलच ठरली असती आणि त्यावर कर नसता. मग न घेतलेल्या भागावर कर कसा? कलम ९२ ‘व्यवहारातून होणाऱ्या उत्पन्नाविषयी’ बोलते. उत्पन्न किती हे मोजण्याचे ते माप आहे. जेथे उत्पन्नच नाही तेथे ते मापाने निर्माण होत नाही. माझगावच्या वेळी लागू असलेल्या १९२२ च्या कलमात, झाला असता असा नफाही करपात्र ठरवला होता, शिवाय तेथे धंद्याचे उत्पन्न होतेच. येथे दोन्ही गोष्टी नव्हत्या.

पुढच्याच महिन्यात शेल इंडिया मार्केट्सच्या प्रकरणातही न्यायालयाने हीच भूमिका घेतली. त्या कंपनीने आपल्या नेदरलँड्सच्या संबंधित कंपनीला सुमारे ८७ कोटी समभाग १० रुपयांनी दिले होते आणि खात्याची भर होती पंधरा हजार कोटींच्या घरात. सरकार सर्वोच्च न्यायालयात जाणार अशी अपेक्षा होती. २८ जानेवारी २०१५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने अपील न करण्याचे ठरवले आणि दुसऱ्याच दिवशी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने निकाल मान्य असल्याची सूचना अधिकाऱ्यांना पाठवली. कोट्यवधींच्या मागणीवर सरकारने आपणहून पाणी सोडावे, असे क्वचितच घडते. प्रस्तुत लेखकाच्या मते निर्णय उशिरा झाला, पण योग्य झाला. मुळात ही मागणी काढायलाच नको होती.

याचा अर्थ मुंबई उच्च न्यायालय नेहमी कंपन्यांच्या बाजूने उभे राहते असा नव्हे. पण २०१५ मधील आणखी दोन निकाल त्याच व्यवहारी दृष्टीचे आहेत. पुण्याच्या टाटा ऑटोकॉम्पने जर्मनीतील उपकंपनीला कर्ज दिले होते. त्यावर भारतातल्या व्याजदराने मोजणी करण्याचा खात्याचा आग्रह न्यायालयाने मानला नाही. कर्ज ज्या देशात वापरले गेले तेथील बाजाराचा, म्हणजे युरोपातील बँकांमधला दर ग्राह्य धरला. एव्हरेस्ट कांटो सिलिंडरने परदेशी उपकंपनीच्या कर्जाला हमी दिली होती. बँका व्यापारी म्हणून देतात ती हमी आणि पालक कंपनी आपल्या मुलीसाठी देते ती हमी एका मापाने मोजता येणार नाहीत, असे न्यायालयाने सांगितले. मुलासाठी जामीन राहणारा बाप आणि शुल्क घेऊन जामीन देणारी बँक यांत फरक आहे, हे कोणत्याही पतपेढीच्या सभासदाला पटेल.

दोन खाती, दोन तोंडे

परदेशातून माल आणणाऱ्याची एक वेगळीच गोची होते. पालक कंपनीकडून आयात केलेल्या मालाची किंमत जास्त असली तर भारतातला नफा कमी होतो, म्हणून प्राप्तिकर खाते म्हणते की किंमत जास्त लावली. सीमाशुल्क खात्याची विशेष मूल्यांकन शाखा त्याच बिलाकडे उलट बाजूने पाहते: संबंध असल्यामुळे किंमत कमी लावली का, म्हणजे शुल्क बुडाले का? दोन्ही खाती एकाच वित्त मंत्रालयाची. एकाने किंमत खाली आणली म्हणून दुसरे आधी घेतलेले शुल्क परत देत नाही. औषध कंपन्यांना हा त्रास विशेष होतो, कारण मूळ रसायन पालक कंपनीकडून महाग येते आणि तेच रसायन बनवणारे दुसरे कारखानेही बाजारात असतात. अमेरिकेतही औषधाचीच लढाई सर्वांत मोठी ठरली होती. २००६ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने तेथील कर खात्याला सुमारे ३.४ अब्ज डॉलर देऊन वाद मिटवला.

वस्तू व सेवा कराने मात्र शहाणपणा दाखवला. संबंधित व्यक्तींमधल्या विक्रीला बाजारभाव लावायचा हा नियम तेथेही आहे, पण घेणाऱ्याला पूर्ण कर वजावट मिळत असेल तर बिलावरची किंमत हाच बाजारभाव मानला जातो. सरकारचे काहीच बुडत नसेल तर भांडायचे कशासाठी?

पुन्हा नायगावचा गाळा

हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन एशियाच्या प्रकरणात देशांतर्गत व्यवहारांबाबत विचारला. दोन्ही कंपन्या सारखाच कर भरत असतील तर किमतीचा वाद निरर्थक. पण एक तोट्यात किंवा करमुक्त असेल तर नफा तिकडे सरकवला जाऊ शकतो, तेव्हा कायदा बदलण्याचा विचार व्हावा, असे न्यायालयाने सुचवले. त्यातून २०१२ मध्ये कलम ९२बीए आले आणि देशातल्या देशातील काही व्यवहारांनाही हे नियम लागू झाले. मर्यादा वर्षाला पाच कोटींची होती. त्यात भावाला दिलेला पगार, मुलाच्या कंपनीला दिलेले भाडे असलेही व्यवहार अडकू लागले आणि लेखापालांची धावपळ उडाली. २०१५ मध्ये मर्यादा वीस कोटींवर नेली आणि २०१७ मध्ये नातेवाइकांना दिलेल्या रकमा या यादीतून काढल्याच.

म्हणून छोटा कारखानदार मोकळा झाला असे समजू नये. कलम ४०ए(२) जुनेच आहे: पती, पत्नी, भाऊ, बहीण, आईवडील, मुले यांना किंवा त्यांच्या संस्थेला बाजारभावापेक्षा अवाजवी रक्कम दिली तर जास्तीचा खर्च अमान्य होतो. त्यावर मंडळाचे १९६८ चे एक परिपत्रक आहे आणि इंडो सौदी सर्व्हिसेसच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा आधार घेतला. दोन्ही बाजू सारख्याच दराने कर भरत असतील आणि करचुकवेगिरी नसेल तर खर्च अमान्य करू नये, असा तो निकाल. दोन भावांच्या दोन फर्म असणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल आपल्या लेखापालाला विचारून ठेवावा.

दमणची ती करसवलत संपली, पण दरातील फरक संपला नाही. २०१९ मध्ये सरकारने नव्या उत्पादक कंपन्यांना पंधरा टक्के मूळ दराची सवलत देऊ केली. उत्पादन ३१ मार्च २०२४ पर्यंत सुरू होण्याची अट होती. जुन्या कंपन्यांसाठी सवलतीचा दर बावीस टक्के. जुन्या कंपनीने नव्या भावंड कंपनीला माल स्वस्तात दिला तर सात टक्क्यांचा फायदा. म्हणून वीस कोटींवरच्या अशा व्यवहारांना ९२बीए लावण्यात आले. गाळा तोच, बिल तेच, शेजारचा राज्यप्रदेश तेवढा बदलून शेजारची कंपनी आली.

मोठ्या कंपन्यांना यातून आधीच वाट काढता येते. २०१२ पासून त्या सरकारशी पाच वर्षांपर्यंतच्या किमतीचा आगाऊ करार करू शकतात. २०१४-१५ पासून मागच्या चार वर्षांनाही तो लावता येतो. २०२४-२५ या एका वर्षात असे १७४ करार झाले आणि एकूण संख्या ८१५ वर गेली. पण २०१२ च्या नियमांत अर्जाची फीच दहा ते वीस लाख रुपये ठेवली होती. सल्लागारांचा खर्च वेगळा. जर्मन भागीदाराबरोबर दोन-तीन कोटींचा व्यवहार करणाऱ्या वसईच्या कारखानदाराला हा मार्ग कसा परवडणार?

त्याच्यासाठी उरतो तो नेहमीचा जिना: अधिकारी, मसुदा आदेश, तीन आयुक्तांचे पॅनेल किंवा आयुक्तांकडे अपील, मग न्यायाधिकरण. त्यापुढे तुलनीय कंपन्यांच्या निवडीचे वाद हे वस्तुस्थितीचे प्रश्न आहेत, कायद्याचे नव्हेत, असे म्हणून उच्च न्यायालये ती अपिले दाखलच करून घेत नसत. एप्रिल २०२३ मध्ये सॅप लॅब्जच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसा सरसकट नियम असू शकत नाही, न्यायाधिकरणाने नियम पाळून किंमत ठरवली का हे उच्च न्यायालयाने तपासलेच पाहिजे, असे सांगितले. करदात्याला हे दुधारी ठरते. त्याला दाद मागता येते तशी खात्यालाही येते आणि जिंकलेला वाद पुन्हा दोन पायऱ्या वर चढतो. २०२५ च्या वित्त कायद्याने एक चांगली सोय केली: व्यवहार तसाच चालू असेल तर एका वर्षासाठी ठरलेली किंमत पुढच्या दोन वर्षांनाही लावून घेण्याचा पर्याय करदात्याला मिळाला. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यात, ज्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठेवली गेली, कलमांचे क्रमांक बदलले. परक्याच्या किमतीचे तत्त्व तेच राहिले.

नायगावच्या त्या भावांना सनदी लेखापाल जे सांगतो ते अगदी साधे असते. दमणला ८२ रुपयांचे बिल करण्यापूर्वी, बाहेरच्या गिऱ्हाइकाला त्याच महिन्यात तोच भाग कितीला विकला त्याचे बिल फाइलला लावून ठेवा. घरच्याला कमी लावले असेल तर का, मोठी मागणी होती, वाहतूक त्याची होती, पैसे आगाऊ मिळाले होते, हे त्याच दिवशी एका कागदावर लिहा. चार वर्षांनी नोटीस येते तेव्हा कारण आठवते, पण ते त्या वेळी होते हे दाखवणारा कागद सापडत नाही.